नोंदवही, करार आणि न्यास : पाउल क्लेच्या कलाठेव्याच्या जतनाचा इतिहास

चित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कलाकृतींचे पुढे काय झाले, हा प्रश्न कलेतिहासाच्या ग्रंथांत बहुधा अखेरच्या एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. कलाकृती श्रेष्ठ असेल तर ती टिकते, अशी एक श्रद्धा त्यामागे असते. ही श्रद्धा दिलासा देणारी असली तरी इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. कलाकृती टिकते ती कोणीतरी ती ठेवल्यामुळे, तिची नोंद केल्यामुळे, तिच्यावरील हक्कासाठी कोणीतरी भांडल्यामुळे. आणि ठेवणाऱ्याचा, नोंदणाऱ्याचा व भांडणाऱ्याचा ठसा त्या कलाकृतीच्या पुढील आयुष्यावर उमटल्याखेरीज राहत नाही. पाउल क्ले (१८७९–१९४०) ह्या चित्रकाराच्या कलाठेव्याचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्याच्या कलाकृतींची संख्या सुमारे साडेनऊ हजारांहून अधिक आहे. त्यांपैकी जवळजवळ चार हजार, म्हणजे सुमारे चाळीस टक्के, आज एकट्या बर्न शहरात एका छपराखाली आहेत. एवढ्या उलथापालथीच्या काळात जगलेल्या कलावंताच्या बाबतीत असा योग क्वचितच आढळतो, आणि तो केवळ दैवयोगाने आलेला नाही.

क्लेला स्विस चित्रकार म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची नाही, परंतु तिच्याखाली एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. क्लेचा जन्म बर्ननजीकच्या म्युन्शेनबुख्झे ह्या गावी १८ डिसेंबर १८७९ रोजी झाला. आई इडा फ्रिक ही स्विस. वडील हान्स क्ले हे संगीतशिक्षक, पण नागरिकत्वाने जर्मन. पित्याचे नागरिकत्व पुत्राकडे आले. बर्नमध्ये वाढलेला, तेथील बोली बोलणारा हा मुलगा कायद्याच्या दृष्टीने आयुष्यभर जर्मनच राहिला. १९१६ साली त्याला जर्मन सैन्यात भरती व्हावे लागले ते ह्याच कारणाने. १९३९ मध्ये त्याने स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला. परंतु त्यावर अखेरचा निर्णय होण्यापूर्वीच, २९ जून १९४० रोजी, लोकार्नोजवळ मुराल्टो येथे त्याचा अंत झाला. नागरिकत्वाच्या ह्या तपशिलाला चरित्रग्रंथांत करुण उपसंहाराचे स्थान मिळते. वस्तुतः त्याचे महत्त्व त्याहून फार मोठे आहे. सहा वर्षांनी त्याचा सगळा कलाठेवा विक्रीस निघण्याची वेळ आली, ती त्याच्या कुटुंबाच्या ह्याच जर्मन नागरिकत्वामुळे.

परंतु त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी क्लेने स्वतः काय करून ठेवले होते ते पाहिले पाहिजे; कारण जतनाच्या कामाला आरंभ झाला तो त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या एकतिसाव्या वर्षी. १९११ च्या फेब्रुवारीत म्यूनिक येथे असताना त्याने आपल्या कलाकृतींची एक हस्तलिखित नोंदवही सुरू केली. त्या वेळी त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पत्नी लिली पियानोच्या शिकवण्या करून संसार चालवीत होती, आणि लहानग्या फेलिक्सचा सांभाळ करीत क्ले स्वयंपाकघरात चित्रे काढीत होता. अशा परिस्थितीत त्याने प्रत्येक कलाकृतीला वर्ष आणि क्रमांक देण्याचा, तिचे शीर्षक व तंत्र लिहून ठेवण्याचा परिपाठ घातला. एवढेच नव्हे, तर ही नोंद त्याने मागे थेट १८८३ पर्यंत नेली व बालपणातील निवडक रेखाटनांनाही आपल्या कलाकृतींच्या मालिकेत स्थान दिले. उलट, शाळेतील व कलाशिक्षणाच्या काळातील बरेचसे काम त्याने वगळले. ही नोंदवही त्याने १९४० च्या वसंतापर्यंत, म्हणजे मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत चालू ठेवली.

ह्या वहीचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिला उघड आहे : क्लेच्या कलाकृतींचा कालक्रम ज्या निश्चितीने सांगता येतो, त्या निश्चितीने विसाव्या शतकातील फारच थोड्या चित्रकारांचा सांगता येतो. १९३६ साली आजारपणाच्या सर्वांत कठीण काळात त्याने केवळ २५ कलाकृती नोंदविल्या. पुढील वर्षी २६४, १९३८ मध्ये ४८९, आणि १९३९ मध्ये १,२५३. शरीर कडक होत चाललेल्या, गिळणेही अवघड झालेल्या माणसाच्या हातून एका वर्षात बाराशेंहून अधिक कलाकृती निर्माण झाल्या, ही गोष्ट ह्या वहीवाचून कोणास सांगितली असती तर अतिशयोक्ती वाटली असती. दुसरा अर्थ तितका उघड नाही. कोणते काम 'कलाकृती' म्हणावयाचे आणि कोणते नाही, ह्याचा निवाडा ह्या वहीत स्वतः कलावंताने केला आहे. बालपणीचे चित्र घ्यावयाचे आणि वर्गातील अभ्यासचित्र टाळावयाचे, ह्या निवडीत कलेविषयीची एक निश्चित भूमिका आहे : कलेचा उगम शिक्षणापूर्वीच्या निरागस दृष्टीत आहे, अशी. म्हणजेच ही वही पुरावाही आहे आणि प्रतिपादनही आहे. पुराव्याचा आणि प्रतिपादनाचा कर्ता एकच असला, की इतिहासकाराने अधिक सावध राहावयास हवे.

व्यवहाराचे अंग ह्या वहीपासून कधीच दूर नव्हते. १९१९ साली क्लेने म्यूनिकचा कलाविक्रेता हान्स गोल्ट्झ ह्याच्याशी करार केला, आणि पुढच्याच वर्षी गोल्ट्झने ३६२ कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. तो करार १९२५ मध्ये संपल्यावर क्लेने आपल्या कागदावरील कामांचे किमतीनुसार वर्ग पाडले, रोमन अंकांनी ते चित्राखालच्या पुठ्ठ्यावर लिहू लागला, आणि ह्या वर्गांबाहेर एक 'विशेष वर्ग' राखून ठेवला. विशेष वर्गातील चित्रे सामान्यतः विकावयाची नव्हती. आपल्या कामाचा उत्तम अंश आपल्यापाशीच राहावा, त्यातून पुढे एक सलग संग्रह तयार व्हावा, असा हेतू त्यामागे दिसतो. बर्न येथील आजच्या संग्रहाचा कणा ह्या राखीव चित्रांचाच आहे. ज्या संग्रहाला आपण वारसा म्हणतो तो वारस, विश्वस्त आणि शासन ह्यांच्या पुष्कळ आधी खुद्द चित्रकाराने बाजूला काढून ठेवला होता. पहिल्या महायुद्धात गेर्स्टहोफेनच्या वैमानिक-शाळेत वेतनविभागाचा कारकून म्हणून केलेली नोकरी त्याच्या ह्या शिस्तीला पूरक ठरली असल्यास नवल नाही. मात्र वहीचा आरंभ त्याआधीचा आहे, हे विसरून चालणार नाही.

दैनंदिनीची गोष्टही अशीच. १८९८ ते १९१८ ह्या काळातील क्लेची दैनंदिनी त्याच्या मुलाने, फेलिक्सने, १९५७ साली प्रसिद्ध केली आणि ती लवकरच आधुनिक कलेच्या वाचकांचा पाठ्यग्रंथ झाली. परंतु ती दिवसागणिक लिहिलेली, तशीच राहिलेली दैनंदिनी नव्हे. क्लेने तिच्या स्वच्छ प्रती काढताना मजकूर निवडला, जोडला, पुष्कळ ठिकाणी पुन्हा घडविला. १९२० व १९२१ मध्ये त्याच्यावर लागोपाठ तीन पुस्तके निघाली, तेव्हा लेखकांना पुरविण्यासाठी आत्मचरित्रात्मक साहित्याची त्याला गरज होती. व्होल्फगांग केर्स्टेन ह्याने संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती १९८८ मध्ये निघाल्यावर ह्या घडणीचे स्वरूप अभ्यासकांपुढे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी ओटो कार्ल व्हेर्कमाइस्टर ह्याने १९१४ ते १९२० ह्या काळातील क्लेच्या व्यावसायिक उत्कर्षावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, जगापासून अलिप्त असलेल्या गूढवादी चित्रकाराची प्रतिमा आणि बाजाराचे भान राखणारा कलावंत ह्यांतील अंतर दाखविले. ह्या संशोधनाने क्लेचे मोठेपण उणे झाले असे मानण्याचे कारण नाही. उणे झाले ते त्याच्याविषयीचे भाबडेपण.

१९३३ हे वर्ष क्लेच्या आयुष्यात निर्णायक ठरले. १९२१ ते १९३१ अशी दहा वर्षे बाउहाउसमध्ये अध्यापन करून तो ड्युसेलडोर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला होता. नाझी सत्तेवर येताच त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो पत्नीसह बर्नला परतला. १९३७ साली जर्मनीतील सार्वजनिक संग्रहांतून त्याच्या शंभराहून अधिक कलाकृती जप्त झाल्या. म्यूनिकच्या 'अधःपतित कला' ह्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांतील १७ उपहासासाठी मांडल्या गेल्या. म्हणजे एका देशात त्याचा वारसा शासनच उधळीत होते आणि दुसऱ्या देशात एका लहानशा भाड्याच्या घरात तोच वारसा रोज वाढत होता. जप्त चित्रांपैकी काही परदेशी विकली गेली. ड्रेस्डेनच्या संग्रहातील 'माशाभोवती' हे १९२६ सालचे प्रसिद्ध चित्र १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात पोहोचले. उधळपट्टीतूनही कीर्ती पसरते, ही इतिहासाची जुनी विपरीत रीत आहे.

क्लेच्या मृत्यूनंतर हजारो कलाकृती, नोंदवह्या, पत्रे आणि अध्यापनाच्या टिपणांची सुमारे ३,९०० पाने लिलीच्या ताब्यात आली. फेलिक्स जर्मनीत नाट्यदिग्दर्शक होता. युद्धात त्याला सैन्यात जावे लागले व पुढे तो रशियनांच्या कैदेत सापडला. लिली एकटीच बर्नमध्ये हा ठेवा सांभाळीत होती. युद्ध संपले आणि ठेव्यावरील संकट टळण्याऐवजी तेव्हाच उभे राहिले.

२५ मे १९४६ रोजी स्वित्झर्लंड आणि दोस्त राष्ट्रे ह्यांच्यात वॉशिंग्टन येथे करार झाला. जर्मनीत राहणाऱ्या जर्मनांची स्वित्झर्लंडमध्ये जी मालमत्ता असेल ती विकून टाकावी व येणाऱ्या रकमेचा अर्धा हिस्सा दोस्त राष्ट्रांना द्यावा, असे त्याचे सार. लिली जर्मन नागरिक होती, पण तिचे वास्तव्य बर्नमध्ये असल्यामुळे ती जिवंत असेतोवर ठेव्याला धोका नव्हता. धोका होता तो वारसाहक्काच्या क्षणी. तिच्या पश्चात सर्व मालमत्ता फेलिक्सकडे जाणार. फेलिक्स जर्मन नागरिक, आणि राहणाराही जर्मनीचा. म्हणजे ती करारातील कलमात सापडणार व लिलावात निघणार. नाझींनी ज्याला हाकलून लावले त्या चित्रकाराची चित्रे नाझींच्या पराभवानंतर 'जर्मन मालमत्ता' म्हणून विकली जाणार होती. कायद्याचा उद्देश न्याय्य असूनही त्याचा परिणाम विपरीत व्हावा, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ह्यावर उपाय निघाला तो बर्नमधील क्लेच्या चाहत्यांकडून. हेर्मान रुप्फ हा व्यापारी व जुना संग्राहक, आणि हान्स मायर-बेन्टेली हा प्रकाशक, ह्या दोघांनी सप्टेंबर १९४६ मध्ये लिलीकडून सगळा ठेवा विकत घेतला. करारानंतर दोनच दिवसांनी, २२ सप्टेंबर रोजी, लिली मरण पावली. लागलीच रोल्फ ब्यूर्गी व व्हेर्नर आलेनबाख हे दोघे त्यांना येऊन मिळाले आणि चौघांनी 'क्ले मंडळ' स्थापिले. ब्यूर्गी हा क्लेच्या अगदी आरंभीच्या संग्राहिकेचा, हान्नी ब्यूर्गीचा, मुलगा, आलेनबाख वास्तुविशारद. ह्या मंडळाने १९४७ मध्ये 'पाउल क्ले न्यास' निर्माण करून ठेव्यातील निवडक भाग त्याच्या स्वाधीन केला. १९५२ पासून न्यासाचा संग्रह बर्नच्या कलासंग्रहालयात राहू लागला.

ह्या व्यवहाराकडे दोन बाजूंनी पाहता येते. मंडळाच्या बाजूने पाहिल्यास, त्यांनी वेळीच पाऊल उचलले नसते तर ठेवा विखुरला असता, ह्यात शंका नाही. सरकारी लिलावात कालक्रम, मालिका, राखीव वर्ग ह्यांचा विचार कोणी केला नसता. तीस वर्षे क्लेने जी एकसंधता जपली ती काही दिवसांत संपली असती. परंतु फेलिक्सच्या बाजूने पाहिल्यास चित्र निराळे दिसते. कैदेतून नुकत्याच सुटलेल्या एकुलत्या एक मुलाच्या अनुपस्थितीत, मरणासन्न मातेकडून, पित्याची सगळी निर्मिती त्रयस्थांच्या नावे झाली होती. हेतू कितीही शुद्ध असला तरी विक्री ती विक्रीच. शिवाय मंडळ व न्यास ह्या दोन भिन्न गोष्टी होत्या. न्यासाकडे आले ते सार्वजनिक झाले. मंडळाकडे उरले ते चौघांच्या मालकीचे राहिले. न्यासाच्या गौरवार्थ लिहिल्या गेलेल्या वृत्तांतांत हा भेद पुष्कळदा पुसट होतो.

फेलिक्स १९४८ मध्ये बर्नला येऊन स्थायिक झाला आणि त्याने आपला हक्क सांगितला. चार वर्षे वाद चालला. अखेर १९५२ च्या शेवटी न्यायालयाचा निकाल न होताच तडजोड झाली : न्यासाने आपला गाभा राखला, अध्यापनाची टिपणे व रेखाटनांचा मोठा समुच्चय त्याच्याकडे राहिला, आणि उरलेल्या ठेव्याचा मोठा भाग फेलिक्सला परत मिळाला. कोणाचीही पूर्ण सरशी न झालेल्या ह्या तडजोडीने क्लेच्या वारशाला पुढील अर्धशतकभर दोन घरे मिळाली, एक सार्वजनिक आणि एक कौटुंबिक. ह्या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम क्लेविषयीच्या लेखनावर स्पष्ट दिसतो. व्हिल ग्रोहमानचा १९५४ सालचा मोठा ग्रंथ, फेलिक्सने काढलेली दैनंदिनी, १९७९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेली कुटुंबीयांना लिहिलेली पत्रे — ह्या साऱ्यांत माणूस, पिता, संगीतप्रेमी, स्वयंपाकाची आवड असलेला गृहस्थ असा क्ले दिसतो. फेलिक्ससाठी त्याने हाडे, चिंध्या, प्लास्टर ह्यांपासून केलेल्या सुमारे पन्नास हातबाहुल्यांपैकी ज्या तीस उरल्या, त्या फेलिक्सनेच जपल्या. कोणत्याही नोंदवहीत क्लेने त्यांना क्रमांक दिला नव्हता. कलावंताने 'कलाकृती' न मानलेली वस्तू मुलाच्या मायेमुळे टिकावी आणि आज संग्रहालयात तिच्यापुढे मुलांची गर्दी जमावी, ह्यात कौटुंबिक जतनाचे महत्त्व आपोआप सिद्ध होते.

न्यासाच्या बाजूने जे कार्य झाले त्याची जातकुळी वेगळी. युर्गेन ग्लेझेमर ह्याने १९७३ पासून बर्न संग्रहातील रेखाटनांच्या व रंगीत कामांच्या ज्या सूची सिद्ध केल्या, त्यांनी क्लेच्या अभ्यासाला प्रथमच शास्त्रशुद्ध पाया दिला. त्याच्या मार्गाने पुढे १९९८ ते २००४ ह्या काळात सर्व कलाकृतींची नऊ खंडांची समग्र सूची प्रसिद्ध झाली. ह्या उलट, क्लेच्या अध्यापन-टिपणांच्या संपादनाची कथा काहीशी खेदजनक आहे. युर्ग श्पिलर ह्याने १९५६ मध्ये पहिला व १९७० मध्ये दुसरा खंड काढला. इंग्रजीसह अन्य भाषांतून ते जगभर गेले. कलाशाळांतील दोन पिढ्यांनी क्ले वाचला तो श्पिलरच्या हातून. परंतु श्पिलरने निरनिराळ्या व्याख्यानांतील उतारे एकत्र गुंफले, मध्ये क्लेची चित्रे घातली, आणि सुट्या टिपणांना एका पद्धतशीर सिद्धान्तग्रंथाचा आकार दिला. प्रसाराच्या दृष्टीने हे यश मोठे. मूळ पाठाच्या दृष्टीने ते नुकसान. अलीकडे ती सर्व पाने छायाप्रती व लिप्यंतरासह संगणकावर खुली झाल्यानंतर क्ले शिकवीत असे ते कसे, अडखळत, पुन्हा पुन्हा आरंभ करीत, ते पाहता येते. जतन आणि प्रसार ही दोन कामे एकाच दिशेने चालतात असे गृहीत धरणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

बर्नबाहेरही वारशाचे मोठे तुकडे स्थिरावले. न्यूयॉर्कमधील विक्रेता कार्ल नीरेनडोर्फ १९४७ मध्ये वारल्यावर त्याचा साठा पुढील वर्षी गुगेनहाइम संस्थेने घेतला. त्यात क्लेच्या शंभराहून अधिक कलाकृती होत्या. १९६० मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया ह्या जर्मन राज्याने अमेरिकन संग्राहकाकडील ८८ कलाकृती एकदम खरेदी केल्या आणि त्यांवर ड्युसेलडोर्फचे राज्य कलासंग्रहालय उभे राहिले. ज्या शहराच्या अकादमीतून क्लेला घालवून दिले गेले होते त्याच शहराने त्याला आपल्या संग्रहाचा पाया मानावे, ह्यात प्रायश्चित्ताचा भाव होता, आणि तो लपविलाही गेला नाही. पण सार्वजनिक प्रायश्चित्ताने व्यक्तीवरील अन्याय भरून निघतोच असे नाही. 'दलदलीची आख्यायिका' हे १९१९ सालचे चित्र झोफी लिसित्स्की-क्युपर्स हिच्या मालकीचे होते. रशियाला जाताना तिने ते हॅनोव्हरच्या संग्रहालयात ठेवावयास दिले. १९३७ मध्ये ते इतर चित्रांबरोबर जप्त झाले व अखेर म्यूनिकच्या लेनबाखहाउसमध्ये आले. तिच्या वारसांशी नगरपालिकेची तडजोड व्हावयास २०१७ साल उजाडले. चित्र म्यूनिकमध्येच राहिले आणि वारसांना त्याचा मोबदला मिळाला. संग्रहालयांच्या भिंतींवर शांतपणे टांगलेल्या कित्येक चित्रांच्या पाठीमागे अशा फिर्यादी दबा धरून बसलेल्या असतात.

भारताशी क्लेचा संबंध आला तो पुष्कळ आधी, आणि न्यास किंवा वारस ह्यांच्या प्रयत्नांवाचून. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात 'इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट'च्या वार्षिक प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची कामे मांडली गेली. स्टेला क्रामरिश हिच्या प्रयत्नाने आलेल्या त्या कामांत क्लेची चित्रेही होती. पुढे मुंबईत, सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतलेल्या वासुदेव गायतोंडे ह्यांच्या आरंभीच्या चित्रांत क्लेची रेषा व त्याची लहान आकारातील रंगरचना ह्यांचा संस्कार स्पष्ट दिसतो. पुढील काळातील त्यांची विस्तीर्ण, जवळजवळ एकरंगी चित्रे क्लेपासून दूर गेली. पण कागदाच्या लहानशा तुकड्यावर पूर्ण विश्व उभे करता येते हा धडा त्यांनी आत्मसात केला होता. अशा प्रभावाची नोंद कोणत्याही न्यासाच्या सूचीत होत नाही. वारशाचा प्रसार मोजताना प्रदर्शनांची व पुस्तकांची संख्या पाहण्याचा जो प्रघात आहे, त्यातून हा भाग नेहमी निसटतो.

फेलिक्सचे १९९० मध्ये निधन झाले. त्याची दुसरी पत्नी लिव्हिया हिच्याकडे आलेल्या हिश्शातून सुमारे ६९० कलाकृती तिने १९९७ मध्ये बर्न शहर व प्रांत ह्यांना देऊ केल्या, पण एका अटीवर : २००६ संपण्यापूर्वी क्लेसाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले पाहिजे. फेलिक्सचा मुलगा अलेक्झांडर ह्याने आपल्याकडील सुमारे ८५० कलाकृती दीर्घ मुदतीने वापरावयास देण्याचे मान्य केले. ही अट लहान वाटते, पण १९४६ च्या संदर्भात तिचे मर्म कळते. अर्धशतकापूर्वी ज्या ठेव्याच्या विल्हेवाटीत कुटुंबाचा शब्द घेतला गेला नव्हता, त्याच ठेव्याबाबत आता कुटुंब शहराला मुदत घालून देत होते.

मूळ बेत शहराच्या मध्यभागी, जुन्या कलासंग्रहालयाजवळ, एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत संग्रहालय करण्याचा होता. १९९८ मध्ये विख्यात अस्थिशल्यविशारद मोरीस म्युलर व त्याची पत्नी मार्था ह्यांनी शहराच्या पूर्व कडेची जमीन व तीन कोटी स्विस फ्रँक देऊ केले, आणि बेत बदलला. वास्तुकार म्हणून रेन्झो पियानो ह्याची निवड म्युलर ह्यांच्या इच्छेने झाली. केवळ चित्रे नव्हे तर संगीत, नाट्य व मुलांच्या कलाशिक्षणाची सोयही तेथे असावी असा त्यांचा आग्रह होता. महामार्गाला लागून असलेल्या शेतजमिनीत पोलादी कमानींच्या तीन लाटांसारखी ती इमारत उभी राहिली व २० जून २००५ रोजी 'पाउल क्ले केंद्र' खुले झाले. क्लेच्या अस्थी ज्या शोसहाल्डे स्मशानभूमीत आहेत ती तेथून जवळच आहे. देणगीदाराच्या इच्छेने संस्थेचे स्थान, आकार व कार्यक्रम ठरावा हे कितपत इष्ट, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो अप्रस्तुत नव्हता. परंतु देणगीवाचून लिव्हिया क्लेची मुदत पाळली गेली असती असे मानावयास आधार नाही.

इमारत मिळाल्याने जतनाचा प्रश्न सुटला नाही. त्याचे रूप पालटले. क्लेच्या कामाचा फार मोठा भाग कागदावर आहे आणि कागदाला प्रकाश सोसत नाही. म्हणून चार हजारांचा संग्रह असूनही एका वेळी त्यातील थोडीच चित्रे मंद प्रकाशात मांडली जातात व काही महिन्यांनी पुन्हा अंधारात परत जातात.  त्याची तंत्रेही जपणाऱ्याची परीक्षा पाहणारी : खळीत कालविलेला रंग, गोणपाट, वृत्तपत्राचा कागद, चुन्याचा वा खडूचा थर, आणि ते सगळे पुठ्ठ्यावर चिकटविलेले. पुठ्ठ्यावर चित्राखाली रेघ ओढून वर्ष, क्रमांक व शीर्षक लिहिण्याची त्याची पद्धत होती. पूर्वीचे कित्येक मालक हा पुठ्ठा चौकटीची अडचण म्हणून झाकीत किंवा कापून टाकीत. आता तो चित्राचाच अंश गणला जातो. केर्स्टेन व ओसामु ओकुदा ह्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की क्ले पूर्ण झालेली चित्रे कात्रीने कापून त्यांचे तुकडे स्वतंत्र कलाकृती म्हणून निरनिराळ्या क्रमांकांनी नोंदवीत असे. एकाच चित्राचे दोन भाग आज दोन देशांत असू शकतात. त्यांना पुन्हा जोडावे काय? कलावंतानेच तोडले असेल तर जोडण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ते मुळात एक होते हे सांगण्याचे कर्तव्य मात्र सूचिकाराचे आहे.

क्लेच्या कलाकृतींवरील लेखाधिकाराची मुदत युरोपात २०१० च्या अखेरीस संपली, आणि त्याची चित्रे पेल्यांवर, पिशव्यांवर कोणासही छापण्याची मोकळीक मिळाली. प्रसारावरील वारसांचे नियंत्रण तेथे संपले. मूळ वस्तूंची जबाबदारी संपली नाही. २०१५ मध्ये केंद्र व बर्नचे कलासंग्रहालय एका सामाईक न्यासाच्या छत्राखाली आले. ह्याच कलासंग्रहालयाला कॉर्नेलिउस गुर्लिट ह्याने २०१४ मध्ये आपला वादग्रस्त संग्रह मृत्युपत्राने दिला होता. 'दलदलीची आख्यायिका' नाझी शासनाकडून १९४१ मध्ये विकत घेणारा व्यापारी हिल्डेब्रांट गुर्लिट हा त्याचा पिता.

लिव्हिया क्लेच्या देणगीतून केंद्राकडे आलेल्या चित्रांत एक मोठे तैलचित्र आहे. काळ्या पार्श्वभूमीवर फुलदाण्या, एक पिवळा चंद्र, आणि खालच्या कोपऱ्यात क्लेचेच एक देवदूताचे रेखाटन जणू टेबलावर ठेवल्यासारखे रंगविलेले. क्ले लोकार्नोला गेला तेव्हा हे चित्र बर्नच्या घरात त्याच्या घोडीवर होते. त्यावर स्वाक्षरी नाही, नोंदवहीत त्याचा क्रमांक नाही, आणि शीर्षकही त्याने दिलेले नाही. समग्र सूचीत ते 'शीर्षकहीन' म्हणून नोंदले आहे. पुढे कंसातले 'अखेरचे स्थिरचित्र' हे नाव नंतरच्यांनी दिलेले आहे.